डोळे उघडलेलं

एकतीस वर्षं दूध मोजलं मी
धारूरच्या संकलन केंद्रात, पहाटे पाचपासून.
फॅट, डिग्री, लिटर असे तीन रकाने,
चौथ्यात सही.
केंद्र बंद झालं तेव्हा शेवटचं रजिस्टर घरी आणलं,
साठ पानं कोरी होती त्यात.
दूध नासलं की कॅन परत, एवढंच मला माहीत.
नासलेल्याचं पुढं काय होतं
ते विचारायची कधी वेळच आली नाही.

सोजरला ताप आला, गेला.
सांधे दुखते ठेवले मागं,
आणि जाताना जिभेवरलं सगळं घेऊन गेला.
'माती खाल्ल्यावानी लागतंय,' म्हणायची
वरणाला, ठेच्याला, पेढ्यालासुद्धा.
कुठली माती, काळी का मुरमाड,
ते मात्र सांगत नव्हती.

हैदराबादवरून अस्मिताचा फोन :
'पप्पा, मऊ काहीतरी द्या तिला.
क्रीम चीज, फळ घालून. इथं डबी मिळते, साडेतीनशेला.'
'चीज म्हणजे?'
'तुम्ही जन्मभर परत पाठवलंत ना, तेच.'

रामलिंगच्या गोठ्यावरून दोन लिटर म्हशीचं आणलं.
यंत्र नाही, तरी सांगतो, साडेसहाच्या खाली नसणार.
वर पावशेर साय.
उकळी फुटायच्या आधी गॅस बारीक,
लिंबाचा रस चमचा चमचा,
आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातानं
दूध फाटलं.
हात थरथरला, खोटं कशाला बोलू.

पंच्यात गाळलं,
थंड पाण्यानं धुतलं आंबटपणा जाईस्तोवर,
आणि मोरीतल्या नळाला टांगलं.
रात्री लाईट गेली.
घरात तेवढंच ठिबकणं, आणि तिचं कूस बदलणं.
खाली साचलेलं पाणी फेकलं नाही,
सकाळी त्यातच ज्वारीचं पीठ मळलं.

सीताफळं स्टँडवरच्या गयाबाईकडून, घाटातली.
'डोळे उघडलेलं घ्या,' ती म्हणाली,
'मिटलेलं अजून दोन दिवस झोपंल.'
पहिल्या खेपेला गर शिजवला मी, साखर टाकून,
जाम करतात तसा.
कडूजहर.
फोनवर अस्मिता हसली, 'सीताफळ कुणी शिजवतं का, पप्पा?'
मग दुसऱ्यांदा, चाळणीवर, नुसत्या बोटांनी.
एक बी फुटू दिली नाही.
मोजल्या : एकशे अठरा.
रकाना नव्हता, तरी मोजल्या.

मिक्सरात तो पांढरा गोळा, थोडं मीठ,
लोण्यासारखा होईपर्यंत.
गर शेवटी, चमच्यानं, मिक्सर बंद ठेवून,
नाहीतर सगळं पळीवाढं होतं
(हे कुणी सांगितलं नव्हतं,
दोन वाट्या घालवून कळलं).

भाकरीचा कडक पापुद्रा, त्यावर बोटभर जाड.
सोजर खिडकीकडं बघत चघळत राहिली.
मी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

'मीठ जास्ती झालंय,' ती म्हणाली.

'काय?'

'मीठ. बोटानं टाकलं का मुठीनं?
आन लिंबू बी उरलंय मागं, नीट धुतलं नाही तुमी.'
असं म्हणून दुसरा घास घेतला,
तोंड वाकडं करून.

रजिस्टरचं कोरं पान काढलं. तारीख टाकली.
फॅट : माहीत नाही.
डिग्री : माहीत नाही.
लिटर : दोन, त्याचं झालं दीड वाटी.
शेजारी नवा रकाना आखला. मीठ : जास्ती.
सहीला तिच्यापुढं धरलं.
'हात तर पुसू द्या,' ती म्हणाली,
आणि पुसायच्या आधी
एकेक बोट चाटून घेतलं.